‘डोक्याचा डॉक्टर’ म्हणजे नेमका कोण? मानसिक त्रासात कुणाकडे जायचं, याची घरात असावी अशी माहिती

दात दुखला की दाताचा डॉक्टर, हाड मोडलं की हाडांचा डॉक्टर, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. पण घरात कुणी आठ-आठ दिवस झोपत नसेल, बाळंतीण बाळाला जवळ घेत नसेल, कॉलेजला जाणारा मुलगा खोलीत कोंडून घेऊन एकटाच बोलत असेल, तर कुणाकडे न्यायचं यावर घरात चार जणांची चार मतं पडतात. अम्मी म्हणतात नजर लागली, मामू म्हणतात आमिलला दाखवू, शेजारी म्हणतात ‘डोक्याच्या डॉक्टर’कडे न्या, आणि अब्बा म्हणतात असल्या डॉक्टरकडे गेलो तर उद्या बहिणीचं रिश्ता कसं जमेल? या चर्चेतच महिने निघून जातात.

निमहान्स या बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मोठं सर्वेक्षण केलं. त्यात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला इलाजाची गरज असलेला मानसिक त्रास आढळला. आजारांप्रमाणे आकडा बदलतो, पण ७० ते ९२ टक्के लोकांना इलाज मिळालेलाच नव्हता. डॉक्टरांची टंचाई, पैसा आणि बदनामीची भीती ही त्यामागची मोठी कारणं आहेत. आणखी एक कारण अगदी साधं आहे. नेमकं कुणाकडे जायचं, हेच लोकांना माहीत नसतं.

‘डोक्याचा डॉक्टर’ या एका नावाखाली आपण पाच-सहा वेगवेगळी कामं करणारी माणसं कोंबतो. वर्तमानपत्रांत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्दही कधी औषध देणाऱ्या डॉक्टरसाठी, कधी बोलून उपचार करणाऱ्यासाठी वापरला जातो, त्यामुळे गोंधळ वाढतो. म्हणून या लेखात आम्ही प्रत्येकाचं शिक्षण काय, तो काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि त्याच्याकडे कधी जायचं, हे एकेक करून मांडत आहोत.

१. सायकिॲट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ

हा आधी एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो. त्यानंतर त्याने मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेलं असतं. म्हणजे हृदयाचा किंवा पोटाचा डॉक्टर जसा पूर्ण डॉक्टर असतो, तसाच हाही. रोगाचं निदान करणं, औषध लिहून देणं, रक्त तपासायला सांगणं, गरज पडली तर दाखल करून घेणं, ही सगळी कामं तो करतो. थायरॉईड बिघडला किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस उदास, चिडचिडा होऊ शकतो. म्हणून पहिल्याच भेटीत त्याने रक्ताची तपासणी सांगितली तर ‘पैसे काढतोय’ असं समजू नका.

औषधांबद्दल आपल्याकडे दोन गैरसमज पक्के आहेत. एक, ही सगळी झोपेची औषधं असतात. दोन, एकदा सुरू झाली की सवय लागते. उदासीनतेवरची बहुतेक औषधं नशा आणत नाहीत आणि त्यांचं व्यसनही लागत नाही. मात्र त्यांचा असर दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि ती अचानक बंद केली तर त्रास होतो. सवय लागण्याचा धोका खरा आहे तो अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या घबराट कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांचा. गंमत अशी की याच गोळ्या मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं आणून खाणारी माणसं आपल्या मोहल्ल्यात सापडतात, आणि तीच सायकिॲट्रिस्टच्या औषधाला घाबरतात.

‘शॉक देतात’ ही भीतीही मोठी आहे. काही गंभीर आजारांत विद्युत उपचार आजही दिला जातो. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देता येत नाही, आणि पालकांची संमती व मानसिक आरोग्य मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय अल्पवयीन मुलांना तो देण्यावर बंदी आहे. सिनेमात दाखवतात तसा प्रकार कायद्याने गुन्हा ठरतो.

२. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ

हा एमबीबीएस डॉक्टर नसतो आणि औषध लिहून देऊ शकत नाही. त्याने मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. केल्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ, रुग्णालयात काम करत शिकण्याचं एम.फिल. किंवा त्याच्या तोडीचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेलं असतं. भारतीय पुनर्वास परिषद या सरकारी संस्थेकडे त्याची नोंद असते.

त्याची मुख्य कामं दोन. पहिलं, चाचण्या. मुलाची बुद्धी किती, त्याला वाचण्या-लिहिण्यातला खास दोष आहे का, चंचलता रोगाच्या पातळीची आहे का, आजीचा विसरभोळेपणा वयाचा की आजाराचा, हे तो ठरलेल्या कसोट्यांवर तपासतो. दुसरं, बोलून करायचा उपचार, म्हणजे थेरपी. यात तो नुसतं ऐकून सल्ला देत नाही. समजा एखाद्याला वजू झाला की नाही याची सारखी शंका येते आणि तो अर्धा-अर्धा तास नळापाशी उभा राहतो. हा बऱ्याचदा ‘ओसीडी’ नावाचा आजार असतो. सायकॉलॉजिस्ट अशा माणसाला ठरवून, पायरीपायरीने, शंका मनात असतानाही पुढे नमाजला उभं राहायची सवय करून देतो. हे काम आठ-दहा किंवा त्याहून जास्त भेटींचं असतं. घरी करायचा ‘अभ्यास’ असतो. एका भेटीत फरक पडला नाही म्हणून सोडून देणं म्हणजे अँटिबायोटिकचा कोर्स दुसऱ्या दिवशी बंद करण्यासारखं आहे.

नुसतं ‘सायकॉलॉजिस्ट’ असं लिहिलेलं असेल तर विचारून घ्या. मानसशास्त्रात एम.ए. झालेली व्यक्ती शिकवू शकते, संशोधन करू शकते, कंपनीत नोकरी करू शकते. पण रुग्णावर उपचार करण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं.

३. समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर

आयुष्यातल्या अडचणी झेपत नाहीत, पण आजाराची पातळी गाठलेली नाही, अशा वेळी समुपदेशकाची खरी गरज असते. परीक्षेचा ताण, घरात मौत झाल्यानंतरचा सदमा, नवरा-बायकोतले तंटे, आखातातून नोकरी सुटून परत आलेल्या माणसाची घालमेल, तलाकनंतर माहेरी आलेल्या मुलीचं एकटेपण. त्याच्याकडे बहुधा मानसशास्त्र, समाजकार्य किंवा समुपदेशन यातली पदवी, पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असते.

इथेच सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. आपल्या देशात ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावण्यावर आजवर फारसं नियंत्रण नव्हतं. दोन-तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करूनही लोक पाटी लावतात. २०२१ मध्ये आरोग्य क्षेत्रातल्या अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात या क्षेत्राचाही समावेश आहे. पण पाटी बघून विश्वास ठेवावा अशी स्थिती अजून आलेली नाही. चांगल्या समुपदेशकाची एक खूण मात्र पक्की आहे. आपल्या हातातलं प्रकरण नाही असं दिसलं की तो स्वतःहून सांगतो, ‘यांना सायकिॲट्रिस्टला दाखवा.’

कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक हे वेगळे. त्यांचं काम दोन्ही बाजू ऐकून समझोता होतो का ते पाहणं. तिथे चार बैठका झाल्या म्हणजे मुलीच्या उदासीनतेवर इलाज झाला, असं धरून चालू नका. तसंच शाळेतल्या समुपदेशकाने मुलाबद्दल चिठ्ठी पाठवली तर राग मानू नका. तो आजार सांगत नसतो, तपासून घ्या एवढंच सांगत असतो.

४. मनोसामाजिक कार्यकर्ता आणि मनोरुग्ण परिचारिका

ही दोन माणसं आपल्याला सरकारी रुग्णालयात भेटतात आणि आपण त्यांना ‘मॅडम’, ‘सिस्टर’ म्हणून पुढे जातो. सायकिॲट्रिक सोशल वर्कर हा समाजकार्यात पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मनोविकार समाजकार्याचं खास शिक्षण घेतलेला असतो. घरच्यांना आजार समजावून सांगणं, बरा झालेला माणूस परत कामाला कसा लागेल ते पाहणं, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आणि योजनांसाठी मदत करणं, ही त्याची कामं. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मानसिक आजाराचीही अपंगत्वात गणना करतो. दीर्घ आजारात ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला मिळाला तर बऱ्याच सवलतींचा रस्ता उघडतो, आणि ही माहिती बहुतेकदा हाच माणूस देतो.

परिचारिका औषध वेळेवर जातं का, दुष्परिणाम होतात का, रुग्ण जेवतो-झोपतो का, यावर नजर ठेवते. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या सिस्टरला विचारलेला एक प्रश्न घरच्यांची बरीच धास्ती कमी करतो.

५. फॅमिली डॉक्टर आणि न्यूरोलॉजिस्ट

छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, डोकं जड, पोटात गोळा, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. आपल्याकडे मनाचा त्रास बऱ्याचदा असा शरीरातून बोलतो. म्हणून पहिली भेट फॅमिली डॉक्टरची होणं चांगलंच. तो शरीराचा आजार नाही याची खात्री करतो, सौम्य त्रासात सुरुवातीचं औषध देतो आणि पुढची चिठ्ठी लिहितो. पण सहा-आठ आठवडे झाले आणि फरक नाही, तर त्याच्याच गोळ्या वाढवत राहू नका.

न्यूरोलॉजिस्ट हा मेंदू आणि नसांचा डॉक्टर. फिट येणं, पक्षाघात, हात कापणं, अचानक जीभ जड होणं हे त्याचं क्षेत्र. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की फिट आलेल्या मुलीवर ‘जिन्न आला’ म्हणून झाडफूंक होते आणि मिरगीचा इलाज राहून जातो. म्हाताऱ्या माणसाचा विसरभोळेपणा वाढत असेल तर न्यूरोलॉजिस्ट किंवा सायकिॲट्रिस्ट, दोघांपैकी कुणीही पाहू शकतो.

६. युनानी हकीम

२०१७ च्या कायद्याने ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कुणाला म्हणावं हे ठरवताना युनानीतली मुआलिजात या विषयातली, मनाच्या आजारांशी संबंधित पदव्युत्तर पदवी धरली आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि सिद्ध पद्धतीतल्या ठरावीक पदव्युत्तर पदव्याही त्यात आहेत. म्हणजे नुसती बी.यू.एम.एस. पदवी किंवा बाप-आजाची हकिमी यात बसत नाही. युनानी औषध घेत असाल तर सायकिॲट्रिस्टला सांगा. दोन्हीकडची औषधं लपवून एकत्र घेतली तर कशाने काय झालं ते कुणालाच कळत नाही.

मौलाना, आमिल आणि दर्गाह

आता नाजूक गोष्ट. दुआ, तिलावत, सदका यांनी मनाला करार मिळतो, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. जिन्न आणि नजर यांबद्दलच्या आपल्या अकीद्याशी आमचा वाद नाही. पण आजार झाला तर इलाज करा, हीही आपल्या नबी (स.) यांचीच तालीम आहे. उंट बांधून मग तवक्कुल करायचा, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. मनाच्या आजारात तेच विसरतो.

आपल्या इतिहासातही मनाचा इलाज नवा नाही. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या तंदुरुस्तीवर ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ हा ग्रंथ लिहिला. १२८४ च्या सुमारास सुलतान कलावून यांनी काहिरात बांधलेल्या बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळी जागा होती. म्हणजे मनोरुग्णाला रुग्णालयात ठेवून इलाज करणं, ही आपल्याला परकी गोष्ट नाही.

दुसरीकडे एक वाईट तारीखही लक्षात ठेवायला हवी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या एका खासगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळीने बांधलेले होते. पळता न आल्याने पंचवीसहून अधिक जण जळून मेले. त्यांना तिथे सोडणारे त्यांचे घरचेच होते, आणि बहुतेकांनी ते शिफाच्या आशेनेच केलं होतं. आज २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं हाही गुन्हा आहे.

चांगला रस्ताही आपल्यातूनच निघालेला आहे. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर, जिथे महाराष्ट्रातूनही लोक जातात, ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. दर्ग्यावर येणाऱ्याला मुजावर दुआही देतात आणि तिथेच बसणाऱ्या मनोविकार डॉक्टरकडेही पाठवतात. आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांकडे जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागाचे वार आणि वेळ लिहिलेला एक कागद असला, तरी हेच काम प्रत्येक गावात होऊ शकतं.

मौलाना योग्य आहेत की नाही हे ओळखायचं असेल तर इतकंच पाहा. ते औषध बंद करायला सांगत नाहीत, मारहाण करत नाहीत, बाईला एकटीला खोलीत बसवत नाहीत आणि हजारो रुपये मागत नाहीत. यापैकी एक गोष्ट जरी दिसली तरी तिथून उठा.

कुठल्या त्रासाला आधी कुणाकडे?

लगेच सायकिॲट्रिस्टकडे किंवा रुग्णालयात: कानात आवाज येणं, कुणी आपल्या मागावर आहे असा पक्का संशय, अनेक रात्री झोप न होताही अंगात प्रचंड जोर आणि उधळपट्टी, खाणंपिणं बंद, जगायचं नाही अशी भाषा.

त्याच दिवशी रुग्णालयात: बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाई असंबद्ध बोलू लागली, झोप उडाली, बाळाबद्दल विचित्र बोलू लागली तर हा तातडीचा आजार आहे. यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. ‘चाळीस दिवस होऊ दे, मग बघू’ असं म्हणू नका. वेळेवर इलाज झाला तर यातल्या बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात.

आधी फॅमिली डॉक्टर, मग सायकिॲट्रिस्ट किंवा सायकॉलॉजिस्ट: दोन आठवड्यांहून जास्त उदासी, घबराटीचे झटके, वारंवार हात धुणं, तपासणी नॉर्मल असूनही दुखणं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: मूल अभ्यासात मागे पडतंय, उशिरा बोलतंय, एका जागी बसत नाही. शिकण्यातल्या अक्षमतेमुळे दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलत मिळते, पण त्यासाठी अधिकृत सरकारी केंद्राचा दाखला लागतो. म्हणून आठवी-नववीतच चौकशी करा.

समुपदेशक: घरातले ताण, शोक, करिअरचा गोंधळ, लग्नाआधी-नंतरच्या अडचणी.

दारू, गर्द, गोळ्यांचं व्यसन: सायकिॲट्रिस्ट. रोज पिणाऱ्याने दारू अचानक घरीच बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ‘कसम घालून सोडवली’ हे ऐकायला छान वाटतं, पण सोबत डॉक्टर हवा.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिलं दार चुकलं तरी मोठं नुकसान होत नाही. चांगला फॅमिली डॉक्टर, चांगला समुपदेशक, चांगला आलिम तुम्हाला पुढच्या दारापर्यंत पोहोचवतो. नुकसान होतं ते एकाच दारात वर्षभर बसून राहिल्याने. आवाज ऐकू येण्यासारख्या गंभीर आजारात इलाज जितका लवकर सुरू होईल, तितकी माणूस परत शाळेत, कामावर, संसारात रुळण्याची शक्यता जास्त असते.

कुठे जायचं, खर्च किती?

सगळ्यात सोपी सुरुवात फोनवरून होते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठी-हिंदीतही बोलता येतं. फोनवर आधी समुपदेशक बोलतो, गरज असेल तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो. दूरच्या गावातल्या, घराबाहेर सहज न पडू शकणाऱ्या बायकांना याचा मोठा आधार आहे. जिवाला धोका असेल तर १०८ वर रुग्णवाहिका किंवा ११२ वर मदत मागवा.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकार ओपीडी चालते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे.जे. आणि पुण्यात ससून या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे ओपीडीतही दाखवता येतं, गेलं म्हणजे दाखलच करतात असं नाही. गोव्यात बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तनाची सरकारी संस्था आहे.

आरोग्य विमा असेल तर पॉलिसी वाचा. २०१७ चा कायदा सांगतो की विमा कंपनीने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायचं. ओपीडीचा खर्च मात्र बऱ्याच पॉलिसींत नसतो.

पहिल्या भेटीत काय विचारायचं?

‘आपलं शिक्षण काय? नोंदणी क्रमांक काय?’ हे विचारायला लाजू नका. डॉक्टरची नोंद राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पुनर्वास परिषदेकडे असते, आणि दोन्ही तपासता येतात. ‘आजाराचं नाव काय? औषध किती दिवस? दुष्परिणाम काय? किती भेटी लागतील, एका भेटीचे किती?’ हेही आधीच विचारा. जुने कागद, चालू औषधं आणि आमिलने काही प्यायला दिलं असेल तर तेही सांगा.

बाईला महिला डॉक्टर हवी असेल तर तसं मागा. सोबत आई, बहीण, नवरा कुणीही बसू शकतं. पण दहा मिनिटं तिला एकटीला डॉक्टरशी किंवा नर्ससमोर बोलू द्या. सासू आणि नवरा दोन्ही बाजूंना बसलेले असताना कुठली सून खरं सांगेल?

बदनामीच्या भीतीबद्दल कायदा स्पष्ट आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे इलाज करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न झालेल्या घरात ‘पोलीस केस होईल’ म्हणून रुग्णालयात न्यायला उशीर होतो, हे त्याहून वाईट. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र मानसिक ताणाखाली असलेला मानतं, आणि त्याची काळजी घेण्याची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण त्या भीतीने एक मिनिटही वाया घालवू नका.

रमजानच्या आधी

मनाची औषधं चालू असतील तर रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरला भेटा. बरीच औषधं इफ्तार आणि सेहरीच्या वेळेवर बसवता येतात. लिथियम घेणाऱ्यांनी विशेष जपायचं, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. तरावीह आणि सेहरीमुळे झोप मोडली की काही आजार उसळतात, तेही विचारून घ्या. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल शंका असेल तर डॉक्टरला सांगा, बऱ्याचदा त्याच औषधाची गोळी मिळते. स्वतःच्या मनाने औषध बंद करून रोजे धरू नका. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे, आणि मनाचा आजार हाही आजारच आहे. तुमच्या बाबतीत काय करायचं ते डॉक्टर आणि मुफ्तीसाहेब दोघांना विचारा.

हा लेख वाचून झाल्यावर एक छोटं काम करा. १४४१६ हा क्रमांक आणि आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार ओपीडीचे वार, घरातल्या कॅलेंडरवर किंवा नमाजच्या वेळांच्या तक्त्याखाली लिहून ठेवा. गरज तुम्हाला पडू नये अशीच आमची दुआ आहे. पण शेजारणीला, मस्जिदीतल्या साथीला पडली, तर त्यांना ‘डोक्याच्या डॉक्टरकडे जा’ एवढंच न सांगता, कुणाकडे, कुठे आणि कधी जायचं ते तुम्हाला सांगता येईल.